गार काट्यावरचा भरवसा

बोटीच्या इंजिनाचा टेंपरेचर मीटर बिघडलाय असं लोक केव्हा म्हणतात? काटा वर चढला की. ससून डॉक घ्या, हर्णै घ्या, मिरकरवाडा घ्या. काटा लाल पट्ट्याकडे निघाला की ड्रायव्हर आधी काचेवर टिचकी मारतो, मग मीटरला शिवी देतो आणि इंजिनाकडे बघायची पाळी त्यानंतर येते. उलट काटा दिवसभर खाली, गार बाजूला पडून असेल तर कुणाची काही तक्रार नसते. मिस्त्रीला फोन जात नाही. तांडेल खूश, मालकही खूश.

गल्लत इथेच होते. या मीटरच्या जोडणीत नेहमी होणारे बहुतेक बिघाड काट्याला खाली ढकलतात. मीटर खोटं बोलतो तेव्हा बहुधा धीर देणारं खोटं बोलतो, आणि आपण त्याला नेमकं तेव्हाच सोडून देतो, पकडतो ते भलत्या वेळी.

असं का होतं ते जोडणी बघितली की कळतं. इंजिनाच्या वरच्या अंगाला, शक्यतो थर्मोस्टॅटच्या घराजवळ, पितळेचा छोटा सेंडर आट्यांनी बसवलेला असतो. त्याच्या पोटात थर्मिस्टर असतो : तापला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. मायकल फॅरेडेला ही उलटी चाल १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये दिसली होती; तांब्याच्या तारेचं वागणं याच्या बरोबर विरुद्ध, ती तापली की विरोध वाढतो. बॅटरीची वीज चावीतून मीटरला येते, मीटरमधून एका वायरने सेंडरला जाते, सेंडरच्या अंगातून इंजिनाच्या ब्लॉकमध्ये उतरते आणि निगेटिव्हला परत जाते. विरोध कमी झाला, वीज जास्त वाहिली, की काटा वर. आता या वाटेत कुठेही आगंतुक विरोध घुसला, म्हणजे थिंबलवर हिरवा गंज चढला, तारेचे निम्मे धागे तुटले, आट्यांवर जाड टेप गुंडाळला गेला, तर मीटरला वाटतं सेंडर अजून गारच आहे. वायर साफ तुटली तर काटा तळाला जाऊन बसतो. खाऱ्या हवेत या गोष्टी घडणारच. काट्याला उगाच वर नेणारे नेहमीचे बिघाड मला दोनच आठवतात : सेंडरची वायर कुठेतरी घासून तिचं तांबं लोखंडाला टेकलं, किंवा पॅनेलची निगेटिव्ह वायर खराब झाली.

एवढं मनात धरलं की बंदरावर ऐकू येणाऱ्या समजुती तपासायला सोप्या जातात.

“काटा हिरव्यात आहे ना? मग इंजिनाला काही झालेलं नाही.”

सगळ्यांत महाग पडणारी समजूत ही. सेंडर इंजिनाचं तापमान मोजत नाही. त्याच्या टोकाला जे टेकलेलं आहे त्याचं तापमान तो मोजतो, आणि ते पाणी असेल असं आपण गृहीत धरलेलं असतं. कूलंटचा होज फुटला, पाणी बिल्जमध्ये वाहून गेलं, तर सर्वांत आधी रिकामी होते ती वरची जागा, म्हणजे सेंडरचीच. आता त्याच्या टोकाभोवती हवा आणि थोडी वाफ. त्यांच्याकडून सेंडरला पाण्याइतकी उष्णता पोचत नाही. काटा मध्यावर रेंगाळतो, कधी कधी चक्क खाली येतो; तिकडे हेड भाजत असतं, गॅस्केट जळत असतं. म्हणून लोडवर चालणाऱ्या इंजिनाचा काटा अचानक खाली पडला तर “बरं झालं, गार झालं” म्हणून सोडायचं नाही. रेस कमी करायची आणि कूलंटच्या टाकीकडे बघायचं. झाकणाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

दुसरी बाजू खाऱ्या पाण्याची. ज्या बोटीत समुद्राचं पाणी हीट एक्सचेंजरमधून जाऊन पुढे एक्झॉस्टमध्ये मिसळतं, तिथे रबरी इंपेलर फाटला किंवा स्ट्रेनरमध्ये प्लॅस्टिकची पिशवी, जेलीफिश अडकली, तर पहिला मार बसतो एक्झॉस्टच्या रबरी होजला. तो थोड्याच वेळात भाजायला लागतो. इंजिनातलं गोडं पाणी मात्र भरपूर असतं, ते तापायला काही मिनिटं जातात, आणि काटा तोवर शांत असतो. पुढे काटा वर येतो, खरं सांगतो, पण उशिरा. एक्झॉस्टच्या होजवर पट्ट्याने बांधायचा वेगळा अलार्म मिळतो तो याच कारणाने, आणि तो असावा असं माझं मत आहे. मागून पाणी पडतंय का, हे अधूनमधून वाकून बघायची जुन्या खलाशांची सवयही उत्तमच. मात्र नुसतं “पडतंय” पुरेसं नाही. रोजच्याइतकं पडतंय का, हे बघायचं.

“सेंडरची वायर काढून बॉडीला लावली तर मीटर जळतो.”

नाही जळत. साध्या विजेच्या मीटरची पहिली तपासणी हीच आणि ती एका मिनिटाची आहे. इंजिन बंद, चावी चालू. सेंडरवरची वायर काढून हवेत धरा : काटा पूर्ण गार बाजूला गेला पाहिजे. तीच वायर ब्लॉकच्या रंग खरवडलेल्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवा : काटा पूर्ण गरम बाजूला गेला पाहिजे. दोन्ही घडलं तर मीटर आणि वायर ठीक आहेत, शंका सेंडरवर. काटा हललाच नाही तर हाच प्रयोग मीटरच्या मागे, ‘एस’ खुणेच्या टर्मिनलवर करा. तिथे हलतो आणि इंजिनाकडून हलत नाही, म्हणजे मधली वायर गेली. तिथेही हलत नसेल तर मीटरला वीज येते का आणि त्याची निगेटिव्ह नीट आहे का ते बघा; दोन्ही असूनही ढिम्म असेल तर मीटर बदला.

जळतो तो फ्यूज, आणि तोही चुकीची वायर टेकवली तर. मीटरच्या मागे ‘आय’ किंवा अधिक चिन्हाची वायर थेट बॅटरीची असते; ती बॉडीला लावणं म्हणजे शॉर्ट. भीतीचं मूळ बहुधा अशाच एखाद्या प्रसंगात असावं.

दोन ठिकाणी मात्र हा प्रयोग जसाच्या तसा चालत नाही. काही बोटींत, विशेषतः पोलादी आणि अॅल्युमिनियमच्या सांगाड्याच्या बोटींत, सांगाड्यातून वीज वाहून गंज वाढू नये म्हणून सेंडरला दोन वायरी असतात आणि ब्लॉक निगेटिव्हला जोडलेला नसतो. तिथे ब्लॉकला वायर टेकवून काहीच होणार नाही. सेंडरच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून बघावं लागतं. आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या कॉमन-रेल इंजिनांत सेन्सर थेट मीटरला नाही, कंट्रोल युनिटला जोडलेला असतो. तिथे वायरींशी खेळू नका, कंपनीचं तपासणी यंत्र लावा.

आता खरी गंमत. या प्रयोगाने काटा दोन टोकांना जातो एवढंच सिद्ध होतं. मधला आकडा बरोबर आहे का, हे कळत नाही. इंजिन तर आयुष्यभर मधेच चालणार असतं. त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळणारे साधे रेझिस्टर पुरतात. युरोपीय पद्धतीच्या, म्हणजे व्हीडीओ घराण्याच्या १२० अंशी मीटरला सेंडरकडून ८० अंश सेल्सियसला सुमारे ७० ओम, १०० अंशाला सुमारे ३८ आणि १२० अंशाला सुमारे २२ ओम विरोध मिळणं अपेक्षित असतं. बाजारात ६८, ३९ आणि २२ ओमचे रेझिस्टर सहज मिळतात. अर्ध्या वॉटचे घ्या. सेंडरची वायर काढून तिच्या आणि ब्लॉकच्या मध्ये एकेक रेझिस्टर थोडा वेळ धरा. ६८ ला काटा ८० च्या किंचित वर, ३९ ला १०० च्या आसपास, २२ ला १२० ला आला, तर मीटर, वायर आणि अर्थ हे तिन्ही एका फटक्यात पास. इंजिन गार असताना, बोट धक्क्याला असताना, मीटरकडून १०० अंश वाचून घ्यायची ही युक्ती मला फार आवडते. तीन रेझिस्टर आणि त्यांच्यासमोरचे आकडे एका पुठ्ठ्यावर चिकटवून पॅनेलच्या दाराच्या आत ठेवले की पुढच्या मिस्त्रीचीही सोय होते.

“चावी बंद केली तरी काटा मधेच. मीटर गेला.”

गेला नसेल. हल्लीच्या अनेक मीटरमध्ये काट्याला परत ओढणारी स्प्रिंग नसते. दोन-तीन गुंडाळ्यांचं चुंबकत्व त्याला जागेवर धरतं. वीज गेली की तो जिथे असेल तिथे राहतो किंवा लाटेच्या हिसक्याने भलतीकडे सरकतो. चावी चालू केल्यावर तो काय सांगतो तेवढंच धरायचं.

“सेंडर तो सेंडर. आटे बसले की झालं.”

आटे बसणं ही लोहाराची बाब झाली; मीटरला कळतात ते ओम. जगात सेंडरची दोन मोठी घराणी आहेत. युरोपीय सेंडर ४० अंशाला सुमारे २८७ ओम देतो आणि १२० अंशाला सुमारे २२. फारिया, स्टुअर्ट-वॉर्नर अशा अमेरिकी मीटरांचा सेंडर गार इंजिनात सुमारे ४५० ओमला असतो आणि अतितप्त इंजिनात सुमारे ३० पर्यंत उतरतो. युरोपीय मीटरला अमेरिकी सेंडर लावला तर त्याचा विरोध सगळीकडे जास्त, म्हणून काटा सगळीकडे कमी दाखवणार. इंजिन आपल्या नेहमीच्या तापमानाला चालत असताना मीटर ते साठीत दाखवेल आणि मालक म्हणेल, “नवीन सेंडर टाकल्यापासून इंजिन एकदम गार चालतंय हो!” उलटी जोडी जमवली तर काटा विनाकारण वर चढेल. ती चूक निदान लगेच पकडली जाते.

याच कुळातली दुसरी चूक प्रवासी लाँच आणि स्पीडबोटींवर होते. खाली एक मीटर असतो, वर दुसऱ्या स्टिअरिंगपाशी आणखी एक हवा असतो, म्हणून वायरमन त्याच सेंडरवरून वायर काढून दुसरा मीटर जोडून देतो. दोन्ही काटे छान एकसारखे चालतात, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. पण आता एका सेंडरवर दोन मीटरांची वीज येते, आणि दोघांनाही तो आहे त्यापेक्षा गार भासतो. दोन मीटरांसाठी निम्म्या ओमचा वेगळा सेंडर बनवला जातो. मागताना ‘ड्युअल स्टेशन’ असं स्पष्ट सांगावं लागतं. दोन मीटर सारखाच आकडा दाखवतात म्हणजे आकडा खरा, हा तर्क इथे कोसळतो, कारण दोघांची माहिती एकाच ठिकाणाहून आलेली असते.

नवा सेंडर बसवताना गळती नको म्हणून आट्यांवर पांढरा टेफ्लॉन टेप पाच-सहा वेढे गुंडाळायची पद्धतही मोडायला हवी. एकवायरी सेंडरची अर्थ त्या आट्यांतूनच होते. आटे घट्ट चावले तर टेप फाटून धातू धातूला टेकतो आणि काम भागतं. जाड थर असला की भागत नाही. काटा कुठे जाईल हे आता सांगायला नको. बहुतेक सेंडरचे आटे निमुळते असतात, ते स्वतःच गच्च बसतात. लावायचंच असेल तर टोकाकडचे दोन आटे कोरडे सोडून पातळ सीलंट लावा, आणि नंतर सेंडरचं षट्कोनी अंग ते ब्लॉक असा ओम मोजा. तो शून्याच्या जवळ हवा.

“उकळत्या पाण्यात टाकला, ओम बदलला. सेंडर चांगला आहे.”

बदलला हे पुरेसं नाही. किती बदलला ते बघायचं. थकलेला सेंडरही तापल्यावर थोडाफार बदलतोच. पद्धत सोपी आहे, फक्त घाईने करायची नाही. पातेल्यात गोडं पाणी घ्या. सेंडर तारेने असा टांगा की त्याचं टोक पाण्यात बुडेल, टर्मिनल कोरडं राहील आणि तो पातेल्याच्या बुडाला टेकणार नाही. बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं. शेजारी त्याच उंचीवर काचेचा थर्मामीटर टांगा. मल्टिमीटरची एक वायर टर्मिनलला, दुसरी सेंडरच्या अंगाला. सेंडर बोटीवरच असेल तर त्याची वायर सोडवल्याशिवाय ओम मोजू नका, येणारा आकडा निरर्थक असतो. पाणी हळू तापवा आणि ६०, ८० आणि उकळी अशा तीन ठिकाणचे ओम लिहून घ्या. मग ते कंपनीच्या तक्त्याशी पडताळा. एका ठिकाणी जुळतो आणि दुसऱ्या ठिकाणी भरकटतो असा सेंडर भेटतोच.

“समुद्राचं पाणी घेतलं तर उकळीचा आकडा चुकेल” अशी एक शंका निघते. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा जेमतेम अर्धा-पाऊण अंश वर उकळतं, तेवढ्याने फरक पडत नाही. गोडं पाणी घ्यायचं ते दुसऱ्या कारणाने : खारं पाणी वीज चांगली वाहतं, त्याचे शिंतोडे टर्मिनलवर उडाले तर ओमचा आकडा बिघडतो.

खरा फरक पडतो उंचीने. किनाऱ्यावर पाणी १०० अंशाला उकळतं, म्हणून मालवणात उकळी हाच थर्मामीटर मानला तरी चालतं. दर तीनशे मीटर चढलं की उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, तापोळ्याच्या धक्क्यावर, बोटीचा सेंडर तपासणाऱ्याची उकळी ९८ च्या जवळपास असते. तोच सेंडर दुरुस्तीला महाबळेश्वरी नेला तर साडेपंच्याण्णवच्या आसपास. तिथे उकळीला शंभर धरून सेंडर नापास करणं हा त्याच्यावर अन्याय होईल.

त्याच पातेल्यात थर्मोस्टॅटही तपासून घ्यावा. त्याच्या अंगावर उघडायला सुरुवात होण्याचा आकडा कोरलेला असतो. पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात. कोरलेल्या आकड्याला तो सताड उघडला नाही म्हणून फेकू नका.

“थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन कायमचं गार राहतं.”

विषय मीटरचा आहे, पण हे इथे सांगायलाच हवं, कारण गार काट्याच्या प्रेमातून जन्मलेला हा सर्वांत जुना इलाज आहे. गोड्या पाण्याच्या बंद फेऱ्यावर चालणारं डिझेल इंजिन साधारण ८० ते ९० अंशांत चालावं अशा हिशेबाने बनवलेलं असतं. त्याला पन्नास-साठीत चालवलं तर डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते, न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं आणि डिझेलमधल्या गंधकापासून होणारं आम्ल लायनर खातं. झीज हळूहळू होते, म्हणून तिचा दोष थर्मोस्टॅट काढणाऱ्यावर येत नाही. समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवणारी जुनी इंजिनं वेगळी. क्षार बसू नयेत म्हणून त्यांचा थर्मोस्टॅटच मुद्दाम ६० अंशांच्या आसपासचा असतो. तिथे काटा साठीवर असणं बरोबर. बंद फेऱ्याच्या इंजिनात तोच साठीवरचा काटा काहीतरी बिघडल्याचं सांगतो.

यात आणखी एक मेख आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आपल्या खालच्या चकतीने बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला की ती वाट कायम उघडी राहते; गरम पाण्याचा काही भाग थंड न होताच परत फिरतो. असं इंजिन धक्क्यावर गार आणि जाळं ओढताना गरम चालतं. मग लोक मीटरला दोष देतात, आणि मीटर त्या वेळी नेमकं खरं बोलत असतो.

“चावी फिरवली की बझर वाजतो, म्हणजे अलार्म चालू आहे.”

चावी फिरवल्यावर बझर वाजतो तो ऑइलच्या दाबाचा. इंजिन चालू नसतं, दाब नसतो, म्हणून ऑइलचा स्विच बझर वाजवतो. तापमानाचा स्विच त्याच बझरला जोडलेला असला, तरी त्या आवाजाने त्याच्याबद्दल काहीही कळत नाही. त्याची वायर गेले दोन हंगाम तुटून लोंबत असली तरी सकाळी बझर तसाच वाजणार. तपासायचं असेल तर इंजिन सुरू करा, ऑइलचा दाब आला आणि बझर थांबला की तापमानाच्या स्विचची वायर काढून ब्लॉकला टेकवा. बझर वाजला पाहिजे. स्विच स्वतः चांगला आहे का, हे पुन्हा पातेल्यातच कळतं. पण तो ठरावीक तापमानाला बंद-चालू होतो, त्याचे ओम हळूहळू बदलत नाहीत, आणि त्याचा आकडा शंभरच्या जवळ असेल तर साध्या उकळीने भागेलच असं नाही.

स्विच आणि सेंडर दिसायला सख्खे भाऊ. अदलाबदल झाली तर मीटरचा काटा तळाला पडून राहतो आणि एक दिवस अचानक टोकाला जातो. काही सेंडरमध्ये दोन्ही कामं एकाच अंगात असतात : ‘जी’ खुणेचं टर्मिनल मीटरचं, ‘डब्ल्यूके’ खुणेचं अलार्मचं.

“बंदूक रोखली, अठ्ठावन्न दाखवलं. मीटर वीस अंश जास्त सांगतोय.”

इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्त झाल्यापासून हा नवा वाद सुरू झालाय आणि दर वेळी बंदूकच जिंकते, कारण तिच्यावर आकडे झळकतात. पण चकचकीत पितळ किंवा उघडं अॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं आणि आसपासची परावर्तित करतं. त्याच्यावर रोखलेली बंदूक खूप कमी आकडा देते. खोटं पुन्हा गार बाजूचंच. थर्मोस्टॅटच्या घरावर, सेंडरच्या शेजारी, उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि तिथेच मोजा. लाल ठिपका पडतो तेवढाच भाग मोजला जातो ही समजूतही सोडा. १२ : १ लिहिलेली बंदूक ६० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटर रुंदीच्या वर्तुळाची सरासरी सांगते, मग त्यात होज येतो, नट येतो, मागची गार भिंत येते. जवळ जाऊन मोजा. धातूचा पृष्ठभाग आतल्या पाण्यापेक्षा काही अंश कमी असणारच, तेवढं सोडून द्या. हाताने चाचपून बघणाऱ्यांशी तर वादच नको : साठ अंशाच्या पुढे हात टिकत नाही, आणि ८५ आणि १०५ मधला फरक चटक्यावरून कुणाला ओळखता आलेला नाही.

“जुना नळीचा मीटर कधी खोटं बोलत नाही.”

बऱ्याच जुन्या इंजिनांवर विजेचा मीटर नसतोच. एक फुगीर टोक इंजिनात, तिथून तांब्याची केसासारखी बारीक नळी मीटरपर्यंत, आत ईथरसारखा चटकन वाफ होणारा द्रव. वाफेचा दाब वाढला की मीटरमधली वाकडी चपटी नळी सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. ही वाकडी नळी पॅरिसच्या युजेन बूर्दाँची, पेटंट १८४९ चं. बॅटरी उतरली तरी हा मीटर चालतो, अर्थची भानगड नाही. माझाही त्याच्यावर जीव आहे. पण नळी कंपनाने घासून फुटली की दाब निघून जातो आणि काटा गुपचूप तळाला येतो. ती नळी कापून जोडता येत नाही, लांब झाली म्हणून तोडता येत नाही. जास्तीची नळी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून बांधायची असते. याच्या तबकडीवर खालचे आकडे दाटीवाटीने आणि वरचे ऐसपैस असतात, त्यामुळे खालच्या बाजूला दहा अंशांची चूक दिसतसुद्धा नाही. तपासणी पातेल्यात, नळीला पीळ न देता.

“इंजिन बंद केल्यावर काटा चढला. आता तरी मीटर खोटा ना?”

नाही. पंप थांबला, पाणी फिरायचं थांबलं, पण हेडमधलं लोखंड अजून तापलेलं आहे. ते आपली उष्णता जवळच्या पाण्याला देतं. काटा काही अंश चढून मग उतरतो. जाळं ओढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता काही मिनिटं मोकळं चालवायचं ते याचसाठी. आणि काटा शंभरच्या पुढे गेला म्हणजे आतल्या पाण्याची वाफ झालीच, असंही नाही : एक बारच्या दाबाच्या झाकणाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडल्या क्षणी मात्र तो दाब जातो आणि सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं.

“लाइट लावली की काटा हलतोच. बोटीत हे चालायचंच.”

चालवून घेतलं जातं, हे खरं. रात्री दिवे लावल्यावर किंवा बिल्ज पंप सुरू झाल्यावर टेंपरेचरचा काटा उडत असेल तर पॅनेलची निगेटिव्ह वायर या सगळ्यांचा भार वाहून थकली आहे. इथे काटा वर सरकतो, आणि म्हणूनच याची तक्रार लवकर होते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा, एक टोक मीटरच्या निगेटिव्हला, दुसरं ब्लॉकला, आणि सगळे दिवे, पंप चालू करा. एक दशांश व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर त्या काट्याच्या आकड्याला अर्थ नाही; टिन केलेल्या तांब्याची नवी जाड वायर पॅनेलपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ओढा.

हे सगळं करायला पश्चिम किनाऱ्यावर दर वर्षी आयता वेळ मिळतो. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत ट्रॉलर किनाऱ्याला असतात, आणि पावसाळी हवेने थिंबल हिरवी होतात ती याच काळात. नारळी पौर्णिमेच्या आधी सांगाड्याला रंग चढतो, जाळी शिवली जातात, इंजिनाचं ऑइल बदलतं. सेंडरची वायर शेवटची कधी सोडवली होती, असं विचारलं तर ड्रायव्हर मिस्त्रीकडे बघतो. पहिल्या फेरीत इंजिन पूर्ण तापलं, लोड आला, की काट्याचा आकडा पॅनेलवरच मार्करने लिहून ठेवावा. मोकळं चालतानाचा वेगळा. पुढे ऑक्टोबरात काटा त्याच कामाला त्याच्यापेक्षा दहा अंश खाली दिसला, तर पाना घेऊन आधी सेंडरकडे जायचं.